रात्रीच्या जॉबला तात्पुरतं इनपुट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेअर बाजार साडेतीनला बंद होतो आणि आमचं काम तिथून सुरू होतं. फोर्टमधल्या एका ब्रोकरच्या बॅक ऑफिसमध्ये मी लिनक्स सर्व्हरवरचे ईओडीचे, म्हणजे दिवसअखेरच्या हिशोबाचे, जॉब (आपोआप चालणारे प्रोग्राम) बघतो. नवी मुलं रुजू झाली की पहिल्या दोन आठवड्यांत तेच ते प्रश्न येतात, बहुतेक खालच्या टपरीवर चहा घेताना, आणि उत्तरं तिथेच राहतात. म्हणून एकदाचं लिहून काढलं. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

प्र. तात्पुरतं इनपुट म्हणजे नेमकं काय?

जॉब चालतो तेव्हा समोर कुणी बसलेलं नसतं. ‘तारीख कोणती?’ असं त्याने विचारलं तर सांगायला माणूस नाही. तो आपला वाट बघत लटकून राहतो. त्यामुळे त्याला जे जे लागणार ते आधीच हाताशी ठेवावं लागतं. त्यातला काही माल कायमचा असतो, जसं क्लायंट मास्टर किंवा ब्रोकरेजचे दर. काही फक्त त्या रात्रीपुरता: आजची भावकॉपी (एक्सचेंजची त्या दिवसाच्या भावांची फाइल), आज वगळायचे चार क्लायंट कोड, दुरुस्तीची एखादी क्वेरी. हा दुसरा प्रकार म्हणजे तात्पुरतं इनपुट.

कायमच्या डेटाला मालक असतो, बॅकअप असतो. तात्पुरत्याला कुणी वाली नसतो, आणि रात्री दीडला येणारे बरेचसे फोन त्याच्याच पायी येतात. कुणी नवी स्क्रिप्ट दाखवायला आणली की मी एवढंच विचारतो: ही फाइल बनवणार कोण, वाचणार कोण आणि उडवणार कोण? पहिल्या दोनांची उत्तरं सगळ्यांकडे असतात. तिसऱ्याला मान खाली गेली तर स्क्रिप्ट परत.

प्र. जॉबला डेटा द्यायचे मार्ग किती?

आर्ग्युमेंट (कमांडच्याच ओळीत पुढे लिहिलेला शब्द), एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (जॉब सुरू होताना त्याला मिळणारी नाव-किंमत जोडी), स्टँडर्ड इनपुट (कीबोर्डच्या जागी बाहेरून आत सोडलेला मजकूर) आणि फाइल. तारीख, शाखेचा कोड, ‘ट्रायल की खरा रन’ अशा छोट्या गोष्टी आर्ग्युमेंटमधून द्या. पासवर्ड तिथून कधीही देऊ नका; पीएस (चालू प्रोग्रामची यादी दाखवणारी कमांड) मारला की सर्व्हरवर लॉगिन असलेल्या इतरांनाही तो सहसा दिसतो. याद्याही कोंबू नका. लिनक्सवर एका आर्ग्युमेंटला १२८ केबीची मर्यादा आहे, आणि ती ओलांडली की ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ म्हणून जॉब सुरूच होत नाही.

आणि एम&एम लक्षात ठेवा. एनएसईवर महिंद्रचं चिन्ह असंच आहे, मध्ये & असलेलं. अवतरणचिन्हाशिवाय ते कमांडच्या ओळीत लिहिलं तर शेल (टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) & पाहून अलीकडचा भाग बॅकग्राउंडला टाकतो आणि उरलेल्या ‘एम’ला नवी कमांड समजतो. सेडने (मजकुरात शोधून बदल करणारी कमांड) साच्यात नाव भरायला गेलात तर आणखी मजा: सेडच्या बदलीच्या भागात & म्हणजे ‘जे सापडलं ते सगळं’. साच्यात जागा धरायला ‘चिन्ह’ हा शब्द ठेवला असेल तर निकाल ‘एमचिन्हएम’ असा येतो. आमच्याकडे नव्या स्क्रिप्टची पहिली चाचणी याच एका शेअरवर होते.

प्र. वेगळी फाइल न करता स्क्रिप्टमध्येच डेटा लिहिला तर?

चालतं, आणि दहा-वीस ओळी असतील तर मला तेच सगळ्यात आवडतं. याला हिअर-डॉक्युमेंट म्हणतात (लोडर हा डेटा भरणारा आमचा प्रोग्राम):

लोडर <<'समाप्त'
वगळा क००१७
वगळा क०४५२
समाप्त

दोन << च्या पुढचा शब्द पुन्हा एकट्याने ओळीवर येईपर्यंतचं सगळं लोडरला स्टँडर्ड इनपुट म्हणून मिळतं. शब्द तुमच्या मर्जीचा. बॅशला (लिनक्सवरचा नेहमीचा शेल) देवनागरी शब्दही चालतो. उडवायला फाइलच नाही, म्हणून वरचा तिसरा प्रश्न आपोआप मिटतो.

यात अडखळायच्या जागा ठरलेल्या आहेत. सुरुवातीच्या शब्दाला अवतरणचिन्ह दिलं नाही तर आतल्या $ ची शेल स्वतःच किंमत लावतो. क्वेरीत $ असेल तर ती गुपचूप बदलून जाते. शेवटच्या शब्दानंतर चुकून एक स्पेस राहिली तर शेलला शेवट सापडतच नाही आणि स्क्रिप्टचा उरलेला भागही डेटा समजून लोडरच्या घशात जातो. व्हॉट्सॲपवरून स्क्रिप्ट कॉपी करणाऱ्यांना हे हमखास भेटतं. <<- लिहिलं तर ओळीच्या आधीचे टॅब गाळले जातात, पण फक्त टॅब. तुमचा एडिटर टॅबच्या जागी स्पेस घालत असेल तर काही गळत नाही.

प्र. म्हणजे हिअर-डॉक्युमेंट डिस्कला हात लावत नाही?

लावतं, आणि हे मला भर पावसाळ्यातल्या एका रात्री कळलं. दोन ओळींचं हिअर-डॉक्युमेंट असलेली, वर्षभर बिनतक्रार चाललेली स्क्रिप्ट अचानक म्हणाली की हिअर-डॉक्युमेंटसाठी टेम्प फाइल बनवता येत नाही, डिस्कवर जागा नाही. मी म्हटलं, मी कुठे फाइल बनवतोय? बॅश बनवत होता. जुना बॅश हिअर-डॉक्युमेंटचा मजकूर आधी तात्पुरत्या फाइलमध्ये उतरवतो आणि मग प्रोग्रामला देतो. ५.१ आवृत्तीपासून मजकूर पाइपच्या (एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याला देणारी मेमरीतली नळी) बफरमध्ये मावणारा असेल तर (लिनक्सवर तो सहसा ६४ केबी) पाइप वापरतो, त्याहून मोठा असेल तर पुन्हा फाइलच. त्या रात्री /टीएमपी (सगळ्यांच्या तात्पुरत्या फाइलींचं सामायिक फोल्डर) भरली होती ती दुसऱ्याच कुणाच्या तरी लॉगने. तेव्हापासून प्रत्येक जॉबच्या सुरुवातीला टीएमपीडीआयआर हे (तात्पुरत्या फाइली कुठे ठेवायच्या ते सांगणारं) व्हेरिएबल आम्ही आमच्या स्वतःच्या फोल्डरकडे वळवतो.

प्र. मेनफ्रेमवरून (जुन्या मोठ्या संगणकांवरून) आलेले काका ‘इन-स्ट्रीम डेटा’ म्हणतात, ते हेच का?

त्याच घराण्यातलं, वयाने मोठं. जेसीएलमध्ये (मेनफ्रेमला जॉब सांगायची भाषा) ‘सिसिन डीडी स्टार’ लिहायचं, खाली डेटाच्या ओळी आणि शेवटी /* . ही पद्धत पंचकार्डांच्या (भोकं पाडून डेटा भरलेल्या कार्डांच्या) काळातली. आपल्या कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक बसला, तेव्हाही प्रोग्रामची कार्डं आणि त्यांच्या मागे डेटाची कार्डं असा एकच गठ्ठा आत जायचा. एका कार्डावर ८० रकाने. जेसीएलची ओळ आजही ८० अक्षरांची आहे ती त्यामुळे.

काका एक गोष्ट मात्र आपल्यापेक्षा शहाणी करत होते. मेनफ्रेमवर डेटासेटच्या (तिथल्या फाइलच्या) नावाआधी && लावलं की तो त्या जॉबपुरताच राहतो; एका स्टेपने दुसऱ्याकडे सोपवता येतो आणि जॉब संपला की सिस्टीम स्वतः उडवते. युनिक्सच्या फाइलला अशी सोय नाही. ती आपल्याला हाताने बांधावी लागते.

प्र. ती कशी बांधायची?

स्क्रिप्टच्या सुरुवातीला मेकटेम्प -डी ने एक फोल्डर बनवा आणि सगळा तात्पुरता माल त्यातच टाका. लगेच पुढच्या ओळीत ट्रॅप लावा: एक्झिट होताना हे फोल्डर उडव. जॉब नीट संपो नाहीतर मध्येच आपटो, फोल्डर जातं. ट्रॅप स्क्रिप्टच्या शेवटी लिहू नका. तिथपर्यंत पोचलीच नाही तर उपयोग काय?

किल -९ (चालू प्रोग्राम जबरदस्तीने मारणारी कमांड) पुढे ट्रॅपचं काही चालत नाही, वीज गेली तरी नाही. म्हणून रोज सकाळी एक झाडूवाला जॉब: आपल्या टेम्प फोल्डरमधलं दोन दिवसांपेक्षा जुनं सगळं फाइंडने शोधून काढायचं. फाइंडला पथ पूर्ण द्या. रिकाम्या व्हेरिएबलवर हा जॉब चालवून भलतंच फोल्डर झाडून काढलेला एक मित्र मला आहे.

प्र. मेकटेम्प कशाला? इनपुट१ असं नाव दिलं तर?

दोन जॉब एकाच वेळी चालले की दोघांचं इनपुट१ एकच. तिमाहीच्या शेवटी दोन सेगमेंटचे जॉब एकावर एक आले आणि डेरिव्हेटिव्हच्या जॉबने कॅशची यादी वाचली, असं पाहिलं आहे. नावात प्रोसेसचा क्रमांक जोडला तर टक्कर टळते, पण तो क्रमांक ओळखता येतो. /टीएमपी सगळ्यांना खुली असल्याने कुणी आधीच त्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारी पाटी) ठेवून तुमचा डेटा दुसरीकडे वळवू शकतो. मेकटेम्प न ओळखता येणारं नाव देतो आणि फाइल ६०० परवानगीने बनवतो, म्हणजे तुमच्याशिवाय कुणी वाचू शकत नाही.

प्र. फाइल /टीएमपी मध्ये ठेवू की /व्हार/टीएमपी मध्ये?

रीबूट झाल्यावरही हवी असेल तर /व्हार/टीएमपी. सिस्टमडीची (लिनक्सवरच्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्राम) मूळ सेटिंग बदललेली नसेल तर /टीएमपी मधला हात न लावलेला माल १० दिवसांनी आणि /व्हार/टीएमपी मधला ३० दिवसांनी झाडला जातो. शिवाय बऱ्याच लिनक्सवर /टीएमपी आता डिस्कवर नसून मेमरीत असते. डेबियन या लिनक्सने २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत तेच केलं. ८ जीबी मेमरीच्या सर्व्हरवर ६ जीबीची फाइल तिथे उतरवायला गेलात तर मावणार नाही, आणि जेवढी उतरेल तेवढी जॉबच्याच वाट्याची मेमरी खाईल.

खरं सांगायचं तर दोन्ही नको. जॉबच्या यूजरच्या नावाचं, ७०० परवानगीचं (फक्त त्यालाच उघडणारं) वेगळं फोल्डर करा, शक्य असेल तर वेगळ्या डिस्कवर.

प्र. मी /टीएमपी मध्ये फाइल ठेवली, एलएस (फाइलींची यादी) केलं तर दिसते, पण जॉब म्हणतो फाइल नाही.

जॉब सिस्टमडी सर्व्हिस म्हणून चालतोय आणि त्यात ‘प्रायव्हेट टेम्प’ चालू आहे. त्याची /टीएमपी वेगळी, तुमची वेगळी. एकाच बिल्डिंगमधले दोन ‘बी-१२’ समजा, विंग निराळ्या.

प्र. जॉबने अर्धीच फाइल उचलली. आता?

सगळ्या प्रश्नांत हा मोठा, म्हणून जरा सविस्तर.

फाइल एसएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल आणायची पद्धत) येत असते. ती दिसायला लागते पहिल्या बाइटला, पूर्ण होते शेवटच्या बाइटला. मधल्या काळात जॉबने डोकावलं तर त्याला फाइल ‘आहे’ असंच दिसतं. भावकॉपीच्या बाबतीत हे विशेष घातक, कारण अर्धी भावकॉपीही दिसायला शहाण्यासारखी असते: हेडर आहे, रकाने बरोबर, ओळी स्वच्छ. फक्त अमुक अक्षरानंतरचे शेअर नाहीत. जॉब आनंदाने ‘सक्सेस’ म्हणतो आणि उरलेल्या शेअरचं मूल्यांकन कालच्या भावाने होतं. मार्जिनचे आकडे चुकतात, आणि ते कळतं सकाळी क्लायंटचा फोन आल्यावर.

उपाय एक: आणणाऱ्या स्क्रिप्टने फाइल दुसऱ्या नावाने उतरवावी (आम्ही शेवटी ‘.अर्धी’ लावतो) आणि पूर्ण झाल्यावरच एमव्ही कमांडने खरं नाव द्यावं. एकाच फाइलसिस्टीममध्ये (डिस्कच्या एकाच भागात) एमव्ही म्हणजे फक्त नाव बदलणं. ते एका झटक्यात होतं, मधली अवस्था कुणाला दिसत नाही. पण /टीएमपी मधून डेटाच्या डिस्कवर एमव्ही केलं तर ती दुसरी फाइलसिस्टीम. तिथे एमव्ही आतून कॉपी करून मग मूळ उडवतो, म्हणजे पुन्हा अर्धी फाइल दिसायची सोय झालीच. ‘.अर्धी’ फाइल उतरवायची तीसुद्धा त्याच फोल्डरमध्ये.

उपाय दोन: मोजा. पाठवणारा ओळींची संख्या किंवा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) देत असेल तर ताडून पाहा. नसेल देत तर कालच्या ओळींशी तुलना करा. एका दिवसात दहा टक्के शेअर नाहीसे होत नाहीत. हेडरही तपासा. २०२४ च्या जुलैत भावकॉपीचा साचा बदलून जुन्या नावाची फाइल बंद झाली, तेव्हा ‘सहावा रकाना म्हणजे बंद भाव’ असं गृहीत धरून लिहिलेल्या स्क्रिप्ट्सचे हाल झाले. रकान्याचं नाव वाचणाऱ्यांना फक्त नावं बदलावी लागली.

प्र. डीएफ म्हणतो डिस्क १०० टक्के भरली, डीयू म्हणतो ४० टक्केच. खोटं कोण बोलतंय?

दोघंही खरं बोलतात: डीएफ डिस्कची भरलेली जागा मोजतो, डीयू नावं दिसणाऱ्या फाइली. कुणीतरी मोठी टेम्प फाइल उडवली, पण एक जॉब ती अजून उघडी धरून बसलाय. नाव गेलं तरी जागा जात नाही, शेवटच्या वाचकाने बंद करेपर्यंत. एलएसओएफ +एल१ चालवा, कोण धरून बसलंय ते दिसेल. त्या प्रोसेसला नीट थांबवलं की जागा मोकळी.

प्र. हाताने चालवली की स्क्रिप्ट चालते, क्रॉनमधून नाही.

क्रॉन (ठरलेल्या वेळी जॉब चालवणारा प्रोग्राम) तुमचं प्रोफाइल वाचत नाही. पाथ (कमांड कुठे शोधायच्या त्याची यादी) तोकडा, भाषेची सेटिंग सहसा नाही, शेलही साधा ‘एसएच’. सगळे पथ पूर्ण लिहा.

पण आपल्या विषयाला धरून एक खास गोष्ट: क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या) ओळीत % ला वेगळा अर्थ आहे. पहिल्या % नंतरचं सगळं कमांडला स्टँडर्ड इनपुट म्हणून जातं आणि पुढचा प्रत्येक % म्हणजे नवी ओळ. थोडक्यात, क्रॉनमध्ये हिअर-डॉक्युमेंट आधीपासून बसवलेलं आहे, फारसं कुणाला माहीत नसतं इतकंच. माहीत होतं ते असं: फाइलच्या नावात तारीख घालायला ओळीत ‘डेट +%वाय’ लिहिलं जातं, कमांड % पाशीच तुटते आणि तास-दोन तास डोकं खाजवण्यात जातात. % च्या आधी \ लावा, किंवा तारखेचं काम स्क्रिप्टच्या आत करा.

प्र. ४० सर्व्हरची यादी लूपमध्ये वाचतो, पहिल्यावर जॉब चालतो आणि लूप संपतो. एररही नाही.

लूपच्या आत एसएसएच (दुसऱ्या सर्व्हरवर कमांड चालवणारा) आहे ना? तोही स्टँडर्ड इनपुट वाचतो. उरलेले ३९ सर्व्हर त्याने गिळले. एसएसएच -एन वापरा.

प्र. तारीख जॉबने स्वतः काढावी की बाहेरून द्यावी?

बाहेरून. आमच्याकडचा किस्सा ऐका. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) होता, जॉब मुंबईच्या पाऊण वाजता चालायचा. यूटीसी आपल्या साडेपाच तास मागे, म्हणजे तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ, सव्वासात. जॉब ‘आजची’ तारीख काढायचा, ती निघायची कालची, आणि ईओडीला नेमकी तीच हवी असते! चुकीवर चूक बसून दीड वर्ष सगळं बरोबर चाललं. मग एका नीटनेटक्या मुलाने सर्व्हरची वेळ भारतीय केली. त्या रात्री जॉब अजून न उजाडलेल्या दिवसाची भावकॉपी शोधत बसला, आणि मी शेवटची कर्जत लोकल सोडून ऑफिसमध्येच झोपलो.

आता व्यवहाराची तारीख पहिला जॉब ठरवतो आणि पुढच्या सगळ्यांना आर्ग्युमेंट म्हणून देतो. परवाचा रन पुन्हा चालवायचा झाला तर तारीख बदलून तोच जॉब चालवता येतो.

प्र. ऑपरेशन्सवाले एक्सेलमधून यादी पाठवतात. थेट देऊ?

नाही. आधी गाळून घ्या. ००४५२ चा ४५२ झालेला असतो. लांब खाते क्रमांकाचं ‘१.२३ई+११’ झालेलं असतं, आणि ते परत मिळत नाही, नवी यादीच मागवा. विंडोजच्या ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा अक्षर असतं, त्यामुळे शेवटच्या रकान्यातला कोड कशाशीच जुळत नाही. यूटीएफ-८ म्हणून सेव्ह केलेल्या फाइलच्या अगदी सुरुवातीला कधी बीओएम हे न दिसणारं चिन्ह बसलेलं असतं. मग पहिला रकाना सापडत नाही, बाकीचे सापडतात. मराठी नावं असतील तर ती युनिकोडमध्ये आहेत की जुन्या फॉन्टमध्ये, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवू नका.

प्र. फाइल २० जीबीची आहे, दाबलेली. उलगडायला जागा नाही.

उलगडू नका. झेडकॅटमधून (दाबलेली फाइल उलगडत वाचणारी कमांड) पाइपने थेट प्रोग्रामला द्या. प्रोग्राम फाइलचं नावच मागत असेल तर मेकफिफोने नेम्ड पाइप बनवा आणि ते नाव द्या. दोन अटी: पाइपमध्ये मागे जाता येत नाही, त्यामुळे फाइल दोनदा वाचणारा प्रोग्राम इथे चालणार नाही, आणि बॅशमध्ये पाइपफेल चालू करा. नाहीतर झेडकॅट मध्येच मेला तरी शेवटचा प्रोग्राम ‘झालं’ म्हणाला की सगळंच झालं असं धरलं जातं.

प्र. कंटेनरमध्ये यातलं काय बदलतं?

कुबरनेटीसमध्ये पॉड (कंटेनर ठेवायचं एकक) गेला की त्याच्या आतली /टीएमपी गेली, हा फायदाच. छोटं इनपुट कॉन्फिगमॅपमधून (तिथला सेटिंगचा साठा) द्या, पण त्याची मर्यादा १ एमबीच्या आसपास आहे.

प्र. तात्पुरतं इनपुट रन झाल्यावर लगेच उडवू?

जॉबने स्वतः बनवलेलं लगेच उडवा. बाहेरून आलेलं पुढचा ईओडी नीट होईपर्यंत ठेवा, कारण रन पुन्हा करायची वेळ आली तर तेच बाइट लागतात. २०२३ च्या जानेवारीअखेर सगळे शेअर टी+१ सेटलमेंटवर (व्यवहाराच्या पुढच्याच कामाच्या दिवशी पैसे-शेअर पोचते करणे) आले, तेव्हापासून फाइल परत मागवत बसायला वेळ उरलेला नाही. पॅन आणि बँक खाती असलेल्या फाइली याला अपवाद: त्या कूटबद्ध करून ठेवा किंवा ठेवूच नका. श्रेड (फाइलवर पुन्हा पुन्हा लिहून पुसणारी कमांड) मारलं म्हणजे पुसलं गेलं असं एसएसडीवर समजू नका.

प्र. सुट्टीच्या दिवशी जॉब बंद ठेवला की झालं ना?

सुट्टीला नवी फाइल येत नाही. जॉब ‘फोल्डरमधली सगळ्यात नवी फाइल’ उचलत असेल तर कालचीच पुन्हा लावतो. म्हणून नावातली तारीख आर्ग्युमेंटच्या तारखेशी जुळलीच पाहिजे. उलटंही होतं. १ फेब्रुवारी २०२५ ला शनिवार असून बजेटसाठी बाजार चालू होता. आणि लक्ष्मीपूजनाला सुट्टी असूनही मुहूर्ताचा एक तास असतो, त्याची भावकॉपी येते. ‘मुहूर्त म्हणजे संध्याकाळ’ असं गृहीत धरणाऱ्यांना २०२५ ने दुपारी पावणेदोन ते पावणेतीनची वेळ दाखवली. आमच्या सुट्ट्यांच्या टेबलात म्हणून ‘सुट्टी’ असा एकच रकाना नाही. प्रत्येक तारखेपुढे बाजार चालू की बंद आणि फाइल कधीपर्यंत यायला हवी, हे हाताने भरलेलं असतं. ते मी डिसेंबरमध्ये भरतो, मुहूर्ताची वेळ सोडून. ती जाहीर झाली की त्याच दिवशी.